‘कोळी मुतला’ हा आळ खोटा आहे

मानेवर लाल, आग होणारे फोड उठले की घरात लगेच निदान होतं: ‘कोळी मुतला!’ मग कुंड्यांमधल्या पिवळ्या पट्ट्यांच्या कोळ्यावर झाडू फिरतो. हा त्याच्यावर निव्वळ अन्याय आहे.

हा कोळी म्हणजे आर्जिओपी. ओळखायला अगदी सोपा: गोल जाळ्याच्या मध्यभागी डोकं खाली करून बसतो, आठ पाय जोड्या-जोड्यांनी जुळवून फुली करतो आणि जाळ्यात पांढऱ्या रेशमाची नागमोडी नक्षी विणतो. धक्का लागला तर जाळं गदागदा हलवतो. डास-माश्या फस्त करतो, माणसाच्या वाटेला जात नाही. डिवचून हातात धरला तरच क्वचित चावतो, तेही किरकोळच.

फोडांचा खरा धनी बहुतेक वेळा पिडेरस नावाचा मुंगीसारखा, नारिंगी-काळा भुंगेरा. पावसाळ्यात दिव्याकडे येतो. तो चावत नाही. अंगावर चिरडला की त्याच्या रक्तातलं पिडेरिन हे दाहक विष कातडीला लागतं आणि दुसऱ्या दिवशी ओरखड्यासारखा पट्टा उठतो. म्हणून तो चिरडू नका, फुंकरीने उडवा, जागा साबणाने धुवा. फोड एकाच बाजूला पट्ट्याने आले आणि ठणकत असतील, तर नागीण असू शकते. डॉक्टरांना लगेच दाखवा.