लांडग्याची कैफियत ऐका, वकीलपत्र घेऊ नका

मुलांसाठी कुणी ‘खलनायकाच्या नजरेतून’ परीकथा लिहिली आहे म्हटलं की मी ती आवर्जून वाचतो, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या पानावरच कपाळाला हात लावतो. लांडगा शाकाहारी निघतो. त्याला लाल टोपीवालीशी नुसती मैत्री करायची असते. आजीला त्यानं गिळलेलंच नसतं, ती पलंगाखाली लपलेली असते. उलट ती पोरगीच आगाऊ आणि चहाडखोर. शेवटच्या पानावर सगळे हातात हात घालून गाणं म्हणतात.

लिहिणाऱ्याची हौस मान्य, पण ही लांडग्याची नजर नव्हे. हे त्याचं वकीलपत्र घेणं झालं. त्याची कैफियत ऐकून घेणं हा निराळा प्रकार आहे. तो जास्त अवघड आहे आणि मुलांना तोच जास्त रमवतो. दोन्ही माल एकाच नावानं खपतो, म्हणून हा खटाटोप.

मूळ गोष्टी तुम्हाला पाठ आहेत, त्या सांगत बसत नाही. किरकोळ फरकही उरकून टाकू. ‘मी’नं सांगायची की ‘तो’नं? दोन्ही प्रकारांत दोन्ही चालतं. विनोदी की गंभीर? तेच. विडंबन हा तिसराच प्रकार. तिथे गोष्टीचीच टर उडवायची असते, कुणाची नजर वगैरे सांभाळायची नसते.

खरी गल्लत होते ती घटनांपाशी. कैफियतीत घटनांना हात लावायचा नसतो. मूळ गोष्टीत जे घडलं, ज्या क्रमानं घडलं, ज्याचा जीव गेला, ते सगळं तसंच राहतं. सांगणारा कशावर रेंगाळतो, काय गुळमुळीत करून टाकतो, कुठे घाईनं पुढे सरकतो आणि कशाला भलतंच नाव देतो, एवढंच बदलतं. वकीलपत्रात नेमकं उलटं. सांगण्याची तऱ्हा जुनीच, सगळ्यांच्या मनातलं जाणणाऱ्या निवेदकाची. घटना मात्र अशा फिरवायच्या की आरोपी निर्दोष सुटला पाहिजे.

हिमगौरीचं सफरचंद घ्या. ग्रिम बंधूंच्या कथेत राणी वेश पालटून तीनदा तिच्या दारात जाते. आधी कंबर आवळायची नाडी, मग विषारी कंगवा, मग सफरचंद. हे सफरचंद मोठ्या कारागिरीचं आहे. एक बाजू लाल, एक पांढरी, आणि विष फक्त लाल बाजूत. हिमगौरी घ्यायला कचरते तेव्हा राणी ते मधोमध कापते, पांढरा भाग स्वतः खाते आणि लाल तिला देते. आता हेच राणीच्या तोंडून:

‘तिच्यासमोर मी तेच सफरचंद खाल्लं. अर्धं मी, अर्धं ती. लालचुटूक भाग कुणाला दिला? तिला. मी आपली फिकट फोडीवर भागवलं. आणि तरी लोक मलाच स्वार्थी म्हणतात.’

यात एक शब्द खोटा नाही, एक घटना बदललेली नाही. विष तेवढं सांगायचं राहिलं. गोष्ट माहीत असलेलं आठ वर्षांचं पोर इथे उसळून ओरडतं, ‘अगं, पण विष!’ तो आरडाओरडा व्हावा म्हणूनच हा प्रकार लिहायचा असतो. राणी काय म्हणाली आणि खरं काय झालं यातली फट मुलानं स्वतः शोधलेली असते. कुणी दाखवलेली नसते.

त्याच प्रसंगाचं वकीलपत्र असं: सफरचंदात विष नव्हतंच, हिमगौरीला सफरचंदाची ॲलर्जी होती. झालं! ओरडायला काही उरलंच नाही. मूल मान डोलावतं आणि पान उलटतं. शिवाय राणी सुटली की गुन्हा कुणाच्या तरी माथी मारावा लागतो, आणि तो हमखास हिमगौरीच्या माथी बसतो. ती लाडावलेली, कांगावखोर, आरशासमोरून न हलणारी. म्हणजे एक चांगला आणि एक वाईट हा हिशेब तसाच, नुसत्या गळ्यातल्या पाट्या बदलल्या. मुलांना जग काळं-पांढरं नसतं हे कळावं म्हणून लेखणी उचलायची आणि काळ्याला पांढरं, पांढऱ्याला काळं करून खाली ठेवायची, यात कसली नवी नजर?

या प्रकारातलं मुलांचं गाजलेलं पुस्तक म्हणजे जॉन शेस्का यांचं तीन डुकरांवरचं, लेन स्मिथ यांच्या चित्रांचं, १९८९ चं. ‘लांडग्याला निर्दोष ठरवणारं पुस्तक’ म्हणून त्याचा दाखला दिला जातो तेव्हा दाखला देणाऱ्यानं ते उघडून तरी पाहिलं होतं का, असा प्रश्न पडतो. लांडगा म्हणतो, मी वाटीभर साखर मागायला गेलो होतो, सर्दी झाली होती, शिंक आली आणि घर पडलं. ठीक आहे. पण दोन घरं पडतातच, दोन डुकरं मरतातच, आणि लांडगा ती खातोही. आयतं समोर आलेलं वाया कशाला घालवायचं, असा त्याचा हिशेब. शेवटी तो तुरुंगात आहे. लांडगा खरं बोलतोय असं लेखक कुठेही म्हणत नाही. दोन्ही वेळा शिंक नेमकी दाराशीच कशी आली, यावर विश्वास ठेवायचा की नाही हे वाचणाऱ्या मुलानं बघायचं. ही कैफियत आहे, आणि फार पक्की कैफियत आहे.

ही मजा कळायला मूल किती मोठं हवं? हाइन्त्स विमर आणि योसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांचा १९८३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे कामाला येतो. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, आणि त्याच्या माघारी आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं सहसा नवं कपाट दाखवतात. आपल्याला माहीत आहे ते मॅक्सीलाही माहीत असणारच, असा त्यांचा समज. चार-पाचच्या सुमारास कळू लागतं की बिचारा जुन्याच कपाटाकडे जाईल. राणीची कैफियत याच्याही एक पायरी वर आहे, कारण राणीला सगळं माहीत आहे आणि ते ती आपल्यापासून लपवते आहे. म्हणून माझं मत असं की चार वर्षांच्या मुलाला मूळ गोष्टच सांगावी, तीच पुन्हा पुन्हा सांगावी, आणि कैफियत सहा-सातच्या पुढे काढावी. मूळ गोष्ट न ऐकलेल्या मुलाला आधी कैफियत ऐकवणं मला मुळीच पसंत नाही. त्याला शिंक खरीच वाटते, आणि गोष्ट तिथेच वाया जाते.

माझ्या डोक्यात जाणारी आणखी एक गोष्ट म्हणजे खलनायकाचं दुःखी बालपण. लांडग्याला लहानपणी कुणी खेळायला घेतलं नाही, चेटकिणीला सगळे चिडवायचे. एखाद्यानं असं का केलं ते कळणं आणि त्याला माफ करणं यात बरंच अंतर असतं, पण या गोष्टींत दोन्ही एकाच परिच्छेदात उरकतं. बरं, मागचं कारण जोडून गुन्हा धुऊन टाकायची ही युक्ती नवीही नाही. ‘जॅक आणि घेवड्याचा वेल’ बघा. बेंजामिन टाबर्ट यांनी १८०७ साली छापलेल्या गोष्टीत जॅकला वर एक परी भेटते आणि सांगते की या राक्षसानं तुझ्या वडिलांना लुटून मारलं होतं. त्यामुळे जॅकनं राक्षसाचं काहीही उचललं तरी ती चोरी राहत नाही. तिथे वकीलपत्र चक्क नायकाचं घेतलं होतं. सोनं, कोंबडी आणि वीणा लांबवणारा पोरगा मुलांसमोर ठेवायचा कसा, ही अडचण परीनं सोडवली. जोसेफ जेकब्ज यांनी १८९० साली ही गोष्ट छापली तेव्हा त्यात परीचं हे स्पष्टीकरण नव्हतं, आणि जॅक पुन्हा साधा चोर झाला. राक्षसाच्या बायकोची कैफियत लिहायची असेल तर जेकब्ज यांचीच गोष्ट समोर ठेवा. तिनं भुकेल्या पोराला खाऊ घातलं, नवरा आल्यावर भट्टीत लपवून वाचवलं, आणि त्यानं तिचंच घर धुऊन नेलं. एक अक्षर रचायची गरज नाही.

‘बिचाऱ्या सावत्र आईला उगाच बदनाम केलं’ हा हिमगौरीबाबतचा लाडका युक्तिवादही असाच पोकळ आहे. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत राणी हिमगौरीची सख्खी आई आहे. सावत्र ती १८१९ च्या आवृत्तीत झाली. सावत्रपणा काढला तरी आरसा राहतोच, तेव्हा तिची बाजू लिहायची तर आरशाच्या आधारानं लिहा.

आपल्या म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीतल्या वाघाची कैफियत तर आयती तयार आहे. म्हातारीनं शब्द दिला होता, लेकीकडून जाडजूड होऊन येते, मग खा. वाघानं विश्वास ठेवला, वाट मोकळी करून दिली, उपाशी बसून राहिला. आणि ती भोपळ्यात बसून टुणुक टुणुक निघून गेली. मग शब्द कुणी मोडला? मुलं यावर कडाकडा भांडतात. निम्मी वाघाकडे जातात. मग एखादं म्हणतं, ‘पण तो तिला खाणारच होता ना!’ वाघ खरं बोलतोय आणि तरी त्याचं मागणं भयंकर आहे, या दोन्ही गोष्टी डोक्यात एकदम ठेवाव्या लागतात. वाघाला गवत खायला लावलंत की ही सगळी झटापट संपते.

लिहिणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. ‘मी एक दुष्ट राणी आहे’ या वाक्यानं सुरुवात करू नका. स्वतःला दुष्ट कुणीच म्हणवून घेत नाही, राणी तर नाहीच. आणि ‘मी’ लिहिलं म्हणून नजर आपोआप येत नाही. राणीला बुटक्यांच्या घरातलं बोलणं ऐकू येणार नाही. तिला कळतं ते आरशाकडून. शिकारी फुप्फुस आणि यकृत आणून देतो ते रानडुकराचं असतं, पण आरशानं तोंड उघडेपर्यंत ती ते हिमगौरीचंच समजते आणि मीठ लावून शिजवून खाते. म्हणजे मधले ते दिवस तिच्या दृष्टीनं गोष्टीतले सगळ्यात समाधानाचे. ते तसेच, मजेत लिहायला हवेत. बहुतेक जण नेमकं तिथेच कचरतात आणि तिला अपराधी वाटायला लावतात.

राहिला शेवट. हिमगौरीच्या लग्नात राणीला तापवून लाल केलेले लोखंडी बूट घालून मरेपर्यंत नाचावं लागतं. ‘मी’नं लिहिणाऱ्यांची इथे पंचाईत होते, कारण मेलेली राणी बोलणार कुठून? मग घाईघाईनं लग्नात समेट घडवतात, आणि इतका वेळ सांभाळलेल्या कैफियतीचं शेवटच्या पानावर वकीलपत्र होऊन बसतं. त्यापेक्षा लग्नाला निघण्यापाशीच थांबावं. मूळ गोष्टीतही जावं की न जावं अशी तिची घालमेल चाललेली असते, पण लग्नातली नवी राणी पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तिचं म्हणणं तिथे पुरं होतं, पुढचं मुलांना ठाऊक आहे. ज्यांना बुटांपर्यंत जायचंच आहे त्यांनी ‘मी’ सोडून ‘राणी’ लिहावं. बूट चिमट्यात धरून आत आणतात तिथवर तिला काय काय दिसतं ते सविस्तर लिहिता येतं. त्यापुढे एक वाक्य पुरतं.