बिझनेस कम्युनिकेशनची पदवी: प्रवेशाआधी हे वाचा

बारावीचा निकाल लागला की आमच्या नाशिकच्या प्रवेश-समुपदेशन कार्यालयात येणाऱ्या पालकांपैकी दोघं-तिघं तरी विचारतातच, "बिझनेस कम्युनिकेशनची डिग्री कुठं मिळते हो?" मुलगी बोलायला धीट असते, अकाउंट्सचा तिला कंटाळा असतो आणि कुणातरी मामानं हे नाव सुचवलेलं असतं. दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा आम्ही हे पत्रक छापून घेतलं. शांतपणे वाचा, मग बोलू.

या नावाची पदवी आपल्याकडे शोधत बसू नका. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांत तो बहुतेक ठिकाणी एक विषय म्हणून येतो. मुंबईच्या बीकॉमला तो वर्षानुवर्षं पहिल्या वर्षाला होता. आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या पॅटर्नमध्ये तो दुसऱ्या वर्षाला होता. संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून नवं शैक्षणिक धोरण आलं, पदवी तीन वर्षांची किंवा ऑनर्ससह चार वर्षांची झाली आणि विषयांची सगळी मांडणी हलली. मोठ्या भावाच्या पुस्तकांवरून धाकटीचा अंदाज बांधू नका.

मग ही मुलं जातात कुठं? कुणी बीबीए किंवा बीएमएस या मॅनेजमेंटच्या पदव्यांना, कुणी मास कम्युनिकेशनला. मुंबईचं मास मीडियाचं जुनं बीएमएम 2019-20 पासून बीएएमएमसी झालं, त्यात तिसऱ्या वर्षी जाहिरात किंवा पत्रकारिता निवडावी लागते. धंद्याच्या लिखाणाकडे कल असेल तर जाहिरातीची बाजू जवळची. बीबीए-बीएमएस 2024-25 पासून एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत आले आणि राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, लागू झाली. 100 प्रश्न, 90 मिनिटं, त्यातले 40 प्रश्न इंग्रजीचे. सीईटी नको म्हणून काही कॉलेजांनी बीएमएसचं बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) करून टाकलं. पाटी बदलली, बाकं तीच, सरही तेच. म्हणून आम्ही म्हणतो, पदवीच्या नावावर फार जाऊ नका.

नेमकी याच नावाची पदवी हवी असेल, तर परदेशात ती आहे. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या राडबाउड विद्यापीठात इंटरनॅशनल बिझनेस कम्युनिकेशन ही तीन वर्षांची, 180 क्रेडिटची पदवी इंग्रजीतून शिकवतात. देश आणि भाषा बदलली की व्यवहाराचं बोलणं कसं बदलतं, हा तिचा गाभा. नाशिककरांना हे लांबचं वाटू नये, आपली निर्यातीची बरीचशी द्राक्षं तिथल्याच रॉटरडॅमच्या बंदरात उतरतात. पण युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी बरीच जास्त पडते, तो हिशेब आधी करा.

आता हा विषय असतो तरी काय? पुस्तकात पत्राचे प्रकार असतात, मीटिंगची सूचना, अजेंडा, इतिवृत्त, अहवाल, प्रेस नोट, ईमेल असतात. हे सगळं पाठ करून पास होता येतं, तीच त्यातली अडचण आहे. म्हणून समुपदेशनाला आलेल्या प्रत्येक मुलाला आम्ही एक कोरा कागद देतो. समज, तू साडीच्या दुकानात कामाला आहेस. येवल्याहून यायची पैठणी लग्नाआधी पोचणार नाही. नवरीच्या आईला मेसेज लिही. वेळ 15 मिनिटं.

दहातली आठ मुलं साधारण असं लिहितात: "आदरणीय ग्राहक, काही अपरिहार्य कारणांमुळे आपल्या ऑर्डरला विलंब होत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." शुद्धलेखनाची एकही चूक नाही. पण हे वाचून ती माउली काय करणार? फोनच करणार, तोही चिडून. साडी कधी येणार हेच त्यात नाही.

गेल्या वर्षी एका मुलानं लिहिलं: "काकू, पैठणी 12 तारखेला मिळणार नाही, 16 ला मिळेल. लग्न 14 ला आहे हे माहीत आहे. त्याच रंगाची एक तयार आहे, काठ थोडा बारीक आहे, फोटो पाठवतोय. ती नको असेल तर अ‍ॅडव्हान्स आजच परत करतो. संध्याकाळी सहापर्यंत सांगा, तोवर ती कुणाला दाखवत नाही." दोन ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते. ते चार दिवसांत सुधारतात. वाचणाऱ्याला पुढे काय करायचंय हे ओळखणं मात्र चार दिवसांत येत नाही, त्यासाठीच तीन वर्षं घालवायची.

दुसऱ्याला शहाणपण शिकवताना आमचंही सांगून टाकतो. एका जूनमध्ये कागदपत्रांच्या तपासणीसाठी आम्ही पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला: "उद्या सकाळी 10 वाजता मूळ कागदपत्रं घेऊन यावे." तारीख नाही, वार नाही. लोकांनी तो रात्री पुढे पाठवला, काहींनी दुसऱ्या दिवशी पाहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी निफाड आणि सिन्नरहून आलेले पालक बंद शटरसमोर उभे. तेव्हापासून आमच्या मेसेजमध्ये 'उद्या' हा शब्द सापडणार नाही.

कॉलेज बघायला गेलात की इमारत, एसी, प्लेसमेंटचा बोर्ड हे सगळं बघाच, पण एक गोष्ट हट्टानं मागा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाची जर्नल किंवा असाइनमेंटची फाइल. पानावर लाल पेनानं काही लिहिलंय का बघा. नुसती सही आणि 'बरोबर'ची खूण असेल तर समजा, तिथं लिखाण कुणी वाचत नाही. 120 मुलांच्या वर्गात एका मॅडमना प्रत्येक पत्र वाचणं जमत नाही, त्यांचा दोष नाही. प्रेझेंटेशनचंही तसंच. सहा जणांचा गट, एकजण बोलतो, पाचजण मागे उभे. तुमची मुलगी वर्षात किती वेळा एकटी उभी राहून बोलणार, हे विचारा. ओजेटीला, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंगला, मुलं कुठं पाठवतात तेही विचारा. ओळखीच्या दुकानातून सर्टिफिकेट आणायची मुभा असेल तर ते ट्रेनिंग कागदावरच राहणार.

नोकरीचं खरं सांगतो. फक्त पदवीवर पहिली नोकरी बहुधा ग्राहक सेवेत किंवा को-ऑर्डिनेटर म्हणून लागते. तिथून पीआर म्हणजे जनसंपर्काची एजन्सी, जाहिरात, कंपनीचं अंतर्गत कम्युनिकेशन अशा वाटा फुटतात, आणि त्या बऱ्याचशा मुंबई-पुण्यातून जातात. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर नावाचा पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केलाय. त्यातले आकडे देणारे पुष्कळ असतात, ते समजेल असं लिहिणारे कमी. इथल्या द्राक्ष निर्यातदारांच्या ऑफिसातही कंटेनर न्हावाशेवाला अडकला की तिकडच्या खरेदीदाराला काय कळवायचं, हा रोजचा प्रश्न असतो.

"आता मोबाइलच सगळं लिहून देतो ना?" असंही विचारतात. देतो की. वरचा 'अपरिहार्य कारणांमुळे'वाला मसुदा तो दोन सेकंदांत देतो. दुकानात त्याच रंगाची दुसरी पैठणी आहे, हे त्याला माहीत नसतं.

मराठी माध्यमाच्या मुलांनी इंग्रजीला घाबरून मागे सरू नये. इंग्रजी लागतंच, त्यात सूट नाही. पण पतसंस्था, विमा, बँका, बांधकाम व्यावसायिक यांचा ग्राहक मराठीत वाचतो आणि त्याच्या हातात पडणारं मराठी बहुतेकदा भाषांतरातून आलेलं, दाताखाली खडा येणारं असतं. दोन्ही भाषांत सरळ लिहिणारी मुलं आम्हाला फार थोडी भेटतात.

फीबद्दल मुलींच्या पालकांना एक निरोप. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून हवा. खासगी अभिमत विद्यापीठं आणि मॅनेजमेंट कोटा यात बसत नाहीत. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमीलेयर मे महिन्यातच सेतूतून काढून ठेवा, जूनमध्ये तिथं रांगा लागतात.

आम्ही कोणत्याही कॉलेजकडून कमिशन घेत नाही, फी फक्त तुमच्याकडून घेतो आणि तिची पावती देतो. पहिल्या भेटीला पैसे नाहीत. येताना दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची झेरॉक्स आणा, आणि मुलाला किंवा मुलीला बरोबर आणाच. तो कोरा कागद आम्ही पालकांना देत नाही.