आधी प्रश्न सापडतो, मग चित्र

सर्जनशील माणसाला उत्तरं पटकन सुचतात, असा आपला समज. मिहाय चिक्सेंटमिहाय आणि जेकब गेट्झेल्स या मानसशास्त्रज्ञांना शिकागोच्या कलामहाविद्यालयात दिसलं ते वेगळंच. त्यांनी ३१ विद्यार्थ्यांपुढे टेबलांवर २७ वस्तू ठेवल्या. हव्या त्या घ्या, मांडा आणि चित्र काढा, एवढंच सांगितलं.

काहींनी दोन-चार वस्तू उचलल्या आणि लगेच रेखाटायला घेतलं. काही मात्र वस्तू हाताळतच राहिले. उलटसुलट करून पाहिल्या, मांडणी केली, मोडली. कागदावर रेघा उमटू लागल्या तरी चित्राचा आकार बराच वेळ बदलत होता. जाणकार परीक्षकांना या रेंगाळणाऱ्यांची चित्रं अधिक स्वतंत्र वाटली. काही वर्षांनी पाहिलं, तेव्हा चित्रकार म्हणून जम बसलेल्यांतही हीच मंडळी पुढे होती. गणिताच्या पुस्तकात उदाहरण छापलेलं असतं. चित्रकाराला ते आधी शोधावं लागतं. मला सर्जनशीलतेचं मर्म इथे दिसतं.

पाहणाऱ्याचंही असंच असतं. सोव्हिएत शास्त्रज्ञ आल्फ्रेड यारबुस यांनी थेट डोळ्याला इवलीशी टोपी चिकटवून नजरेचा माग काढला. समोर इल्या रेपिन यांचं एक चित्र होतं: अनेक वर्षांनी अचानक घरी परतलेला माणूस आणि चकित झालेले घरचे. पाहणारा तोच, चित्र तेच, बदलत होता फक्त प्रश्न. यांची वयं काय असावीत, असं विचारताच नजर चेहऱ्यांवर खिळली. घरची परिस्थिती कशी, म्हटल्यावर कपडे आणि सामानसुमान चाचपू लागली. हा माणूस किती काळ दूर होता, या प्रश्नावर तर ती एका चेहऱ्याकडून दुसऱ्याकडे येरझाऱ्या घालत राहिली. म्हणजे रसिकाची नजर कॅमेऱ्यासारखी सगळं सरसकट टिपत नाही. मनात जे विचारलं जातं, तेच ती शोधते.

यारबुस एकेका प्रश्नाला तीन मिनिटं देत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लोक एका कलाकृतीपुढे सरासरी २७ सेकंद थांबताना आढळले, निम्म्या वेळा तर १७ सेकंदांहूनही कमी. एवढ्यात स्वतःचा प्रश्न सुचणार कधी? म्हणून चित्राशेजारची पाटी आधी वाचू नये, असं मला आग्रहाने सांगावंसं वाटतं. पाटी उत्तर देऊन टाकते. नजर त्याची खातरजमा करते आणि पुढच्या चित्राकडे वळते.