गोळी तीच असते हो, पण दुखल्यावरची वेगळी आणि तारखेआधीची वेगळी

"मायग्रेनची गोळी घेते मी" असं कुणी म्हणालं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, कुठली गं, दुखल्यावरची की आधीची? आणि समोरची अशी बघते जणू मी विचारलंय, मीठ खारट घेतेस का अळणी. बहिणीत, जावांत, ऑफिसातल्या मुलींत, सगळीकडे हाच घोळ बघून कंटाळा आलाय, म्हणून पाळीच्या दिवसांत येणाऱ्या मायग्रेनच्या या दोन गोळ्यांबद्दल एकदाच सगळं लिहून टाकते.

दुखल्यावरची गोळी सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे तिच्यावर फार वेळ घालवत नाही. डोकं धरायला लागलं की लगेच घ्यायची. "बघू, जाईल आपोआप" म्हणत चार तास काढून मग घेतली तर उपयोग कमीच होतो, कारण मायग्रेनमध्ये पोटाचं कामही मंदावतं आणि गोळी तिथेच रेंगाळते. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, आणि त्यावर भागत नसेल तर डॉक्टर लिहून देतात ती सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान ही ट्रिप्टान मंडळी, म्हणजे खास मायग्रेनच्या गोळ्या. साधारण दोन तासांत कळतं लागू पडली की नाही. झालं.

आता दुसरी. पाळीच्या मायग्रेनचं एक वैशिष्ट्य आहे जे बाकीच्या मायग्रेनला नाही, ते सांगून येतं. पाळी सुरू व्हायच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत, या खिडकीत, आणि तीनपैकी निदान दोन पाळ्यांत आलं तर त्याला पाळीचं मायग्रेन म्हणतात. कारण पाळीआधी इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन धाडकन खाली येतं. ऑस्ट्रेलियात सोमरव्हिल नावाच्या डॉक्टरांनी १९७२ साली हे दाखवलं होतं. त्यांनी पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेनचं इंजेक्शन दिलं, तर पाळी वेळेवर आली पण डोकेदुखी काही दिवस पुढे सरकली. म्हणजे दोष रक्तस्रावाचा नाही, त्या घसरणीचा आहे. आणि घसरणीची तारीख माहिती असेल तर तिच्या आधीच जाऊन उभं राहता येतं, एवढीच आधीच्या गोळीमागची कल्पना आहे. पाच-सहा दिवस, डोकं दुखो न दुखो, ठरलेल्या वेळेला.

आणि इथेच सगळ्या जणी अडकतात, कारण ही आधीची गोळी बहुतेकदा कुठली असते माहितीये? नॅप्रोक्सेन. तीच, दुखल्यावरची! स्ट्रिप तीच, रंग तोच, मेडिकलवाला तोच. बदलतं फक्त कधी आणि कशासाठी घेतेय ते.

माझ्या धाकट्या जावेचंच बघा. चिठ्ठीवर लिहिलेलं, नॅप्रोक्सेन ५००, १-०-१, सहा दिवस, पाळीच्या दोन दिवस आधीपासून, जेवणानंतर. मेडिकलवाला स्ट्रिप देताना सहज म्हणाला, पेनकिलर आहे, दुखलं की घ्या. बाईसाहेबांनी चिठ्ठी घडी करून देवघराच्या खणात ठेवली आणि मेडिकलवाल्याचं ऐकलं. तीन महिन्यांनी मला म्हणते, "ताई, काही उपयोग नाही हो त्या गोळीचा, मी घेतली तरी उलट्या होईपर्यंत दुखतंच." मी विचारलं घेतलीस कधी? तर डोकं फुटायला लागल्यावर, ती पण एक, रात्री, आणि बरं वाटलं नाही म्हणून तासाभराने अजून एक. म्हणजे आधीची गोळी तिने कधी घेतलीच नाही! तीन महिने एका औषधाला नापास करून बसली जे परीक्षेलाच बसलं नव्हतं.

उलटा घोळ पण बघितलाय, आणि तो जास्त वाईट. ऑफिसातल्या एकीने "आधी घेतली की येत नाही" एवढंच डोक्यात ठेवलं आणि प्रवास आहे घे, प्रेझेंटेशन आहे घे, रात्री जागरण झालंय घे, असं करत महिन्यात वीस-बावीस दिवस गोळी. याने मायग्रेन अडत नाही, याने गोळीचीच डोकेदुखी सुरू होते. साध्या पेनकिलर महिन्याला १५ दिवस किंवा जास्त, आणि ट्रिप्टान, एर्गोटामिन (मायग्रेनचं जुनं औषध) किंवा सॅरिडॉनसारख्या मिश्र गोळ्या १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की डोकं औषधामुळेच दुखायला लागतं. दिवस मोजायचे हं, गोळ्या नाही. आणि आधीच्या कोर्सचे दिवसही त्याच हिशोबात धरायचे. सहा दिवस कोर्स झाला म्हणजे बाकीच्या महिन्यासाठी तुमच्या खात्यात फार शिल्लक नाही.

बरं, कोर्स चालू असताना डोकं दुखलंच तर? इथे हात आपोआप त्याच स्ट्रिपकडे जातो, आणि तोच आवरायचा. सकाळचं नॅप्रोक्सेन पोटात आहे, त्यावर अजून एक नॅप्रोक्सेन नाही, कॉम्बिफ्लाम नाही (त्यात आयब्युप्रोफेन आहे), आणि, हे मोठ्याने वाचा, मेफ्टाल स्पास पण नाही. पोट दुखतंय म्हणून मेफ्टाल स्पास आणि डोकं दुखतंय म्हणून नॅप्रोक्सेन, दोन वेगळ्या दुखण्यांच्या दोन वेगळ्या गोळ्या, असं वाटतं ना? मेफ्टाल स्पासमधलं मेफेनॅमिक ॲसिड आणि नॅप्रोक्सेन हे सख्खे भाऊ आहेत. दोन्ही एकत्र म्हणजे जठराला आणि किडनीला डबल मार, आराम मात्र डबल नाही. गंमत म्हणजे नॅप्रोक्सेन पाळीच्या पोटदुखीवर पण चालतं, कारण दोन्हीकडे त्रास देणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तीच, त्यामुळे कोर्सच्या दिवसांत मेफ्टालची गरजच बऱ्याच जणींना पडत नाही. वरून काही लागलंच तर पॅरासिटामॉल चालतं, किंवा डॉक्टरांनी दिलेलं ट्रिप्टान. नॅप्रोक्सेनबरोबर सुमाट्रिप्टान घेता येतं, ती जोडी नेहमीची आहे.

काहींना आधीची गोळी म्हणून ट्रिप्टानच देतात, विशेषतः फ्रोव्हाट्रिप्टान, कारण ते शरीरात दिवसभराहून जास्त टिकतं आणि सुमाट्रिप्टान दोन तासांत निम्मं होतं. मग दुखल्यावर काय घ्यायचं हे त्या डॉक्टरांनाच आधी विचारून ठेवा, ट्रिप्टानवर दुसरं ट्रिप्टान स्वतःच्या मनाने नाही.

व्हॅसोग्रेनबद्दल एकच सांगते, कारण आपल्याकडे अजूनही काउंटरवर "मायग्रेनची द्या" म्हटलं की बरेचदा तीच हातात पडते. त्यात एर्गोटामिन आहे, कॅफिन, पॅरासिटामॉल आणि उलटीचं औषध पण. ती कधीच आधीची गोळी नाही. तिच्यानंतर २४ तास ट्रिप्टान नाही, गरोदरपणात अजिबात नाही, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर बिलकूल नाही, हातापायाचा रक्तपुरवठा बंद व्हायची वेळ येते. मला विचाराल तर घरात ठेवूच नये, पण हे माझं मत.

अजून एक चीड आणणारी गोष्ट, नॅप्रोक्सेन मागितलं की डोमपेरिडोनवालं देतात. ते उलटीसाठी असतं. उलटी होत असताना एक गोळी घेणं वेगळं आणि आधीच्या कोर्समध्ये सहा दिवस सकाळ-संध्याकाळ डोमपेरिडोन विनाकारण गिळणं वेगळं. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचा, चष्मा लावून वाचा.

आधीची गोळी कुणाला नाही, हे पण सांगायला हवं. पाळी अनियमित असेल, पीसीओडी असेल, चाळिशीनंतर तारखा घसरायला लागल्या असतील, तर "दोन दिवस आधी" म्हणजे नक्की कधी? अंदाजपंचे सुरू करून दहा-बारा दिवस चालू राहतं. अशांनी दुखल्यावरचीच नीट, वेळेत घ्यावी. मूल हवंय आणि प्रयत्न चालू आहेत त्यांनी तर विचारल्याशिवाय नकोच, कारण पाळी यायच्या दोन दिवस आधी ती येणारे की नाही हे आपल्याला कुठे माहिती असतं? अल्सर, किडनीचा त्रास, पेनकिलरने दमा उठणं, हे असेल तर नॅप्रोक्सेन दोन्ही प्रकारे बाद. हृदयविकार, पक्षाघात किंवा न आवरलेलं बीपी असेल तर ट्रिप्टान बाद.

रोज घ्यायच्या गोळ्या, प्रोप्रॅनोलॉल, फ्लुनारिझिन वगैरे, हा तिसरा प्रकार, महिनाभर घ्यायच्या, त्यात कुणी फार गोंधळत नाही. फक्त प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर रिझाट्रिप्टान कमी डोसमध्ये लागतं, तेवढं डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि ते आपलं खास, गौरी आल्या, पूजा आहे, लग्न आहे, पाळी पुढे ढकला. ती नॉरएथिस्टेरॉनची गोळी घेतलीत की कालनिर्णयवरचा तुमचा गोल त्या महिन्यापुरता रद्द. गोळी बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांनी पाळी येते, तेव्हा नवी तारीख तिथून धरायची, जुन्या तारखेला नॅप्रोक्सेन सुरू केलंत तर सहा दिवस फुकट. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर नागमोडी रेषा, चमचमतं काही दिसत असेल तर पाळी ढकलायची गोळी मागतानाच डॉक्टरांना हे सांगा. आणि अशांनी इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी तर कुठल्याही वयात नाही, पक्षाघाताचा धोका वाढतो.

जावेने आता दोन स्ट्रिपा वेगळ्या केल्यात. नॅप्रोक्सेनवर मार्करने "१८ ते २३, जेवल्यावर", आणि सुमाट्रिप्टानवर "दुखलं तरच". दर महिन्याला नवीन स्ट्रिप आणते आणि तारीख बदलून लिहिते. मी म्हटलं, तीन पाळ्या असं कर, मग ठरव उपयोग आहे की नाही. दुसरी पाळी झाली परवा. तिसऱ्या दिवशी दुपारी थोडं दुखलं, अर्धा तास अंधारात पडली आणि उठून कुकर लावला, उलटी नाही. अजून एक महिना बाकी आहे.