कोटेड की लिक्विड-टाइट? गच्चीवरच्या एसीचा नेहमीचा घोळ

एसीच्या बाहेरच्या युनिटकडे जाणाऱ्या विजेच्या वायरी ज्या लवचीक पाइपातून नेतात, त्यातला साधा जीआय (जस्त चढवलेल्या पत्र्याचा) फ्लेक्झिबल पाइप सगळ्यांना ठाऊक आहे. पत्र्याची पट्टी गुंडाळून केलेला, हवा तसा वाकणारा आणि वेढ्यावेढ्यातून पाणी आत घेणारा. गच्चीवर तो कुणी शहाणा माणूस लावत नाही, म्हणून पुढे जाऊ.

घोळ होतो तो त्याच्या दोन भावंडांत. एकाला दुकानात ‘पीव्हीसी कोटेड’ म्हणतात, दुसऱ्याला ‘लिक्विड-टाइट’. दोघांच्याही पोटात पत्र्याची गुंडाळी, वरून काळं किंवा राखाडी प्लास्टिक. कोटेशनमध्ये दुसरा लिहायचा, गच्चीवर पहिला चढवायचा आणि विचारलं की, ‘साहेब, एकच आहे ते. वॉटरप्रूफ.’ हे ऐकून माझे कान किटलेत.

पाइपवरून लांबीच्या दिशेने नख फिरवून बघा. कोटेडचं प्लास्टिक पातळ असतं आणि पत्र्याच्या वेढ्यांबरोबर वरखाली जातं, त्यामुळे नख खडखडत जातं. लिक्विड-टाइटवर जाड, गुळगुळीत आवरण असतं, नख सरळ घसरतं. मधल्या लांबीत दोन्ही पाइप पाणी अडवतात. पाणी शिरतं ते टोकाशी. लिक्विड-टाइटच्या कनेक्टरमध्ये, म्हणजे पाइप डब्याला जोडणाऱ्या तुकड्यात, एक फेरूल (आखूड नळी) पाइपच्या तोंडात बसतो, बाहेरून एक रिंग येते आणि नट आवळला की ती रिंग आवरणावर दाबून बसते. आवरण गुळगुळीत असेल तरच ती सगळीकडून टेकते. खाचांच्या पाइपवर तिच्याखाली फटी राहतात आणि पावसाला तेवढं पुरतं. उलटही तितकंच खरं: उत्तम लिक्विड-टाइट आणून टोकाला साधा कपलर (पाणी न अडवणारा जोड) लावला, तर पाइपचे पैसे पाण्यात. ‘आयपी 67’, म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं तग, हा आकडा पाइप आणि त्याचा योग्य कनेक्टर या जोडीचा असतो, नुसत्या पाइपचा नव्हे.

ठाण्यातल्या एका ऑफिसच्या गच्चीवर मी जूनमध्ये आयसोलेटर, म्हणजे युनिटची वीज तोडणाऱ्या स्विचचा डबा, उघडला, तर तळाला बोटभर पाणी आणि टर्मिनल हिरवी पडलेली. कोटेड पाइप, साधा कपलर, तोही डब्याच्या डोक्यावरून आत घेतलेला! एंट्री खालूनच घ्यावी आणि पाइपला डब्याच्या आधी खाली झोल द्यावा, म्हणजे अंगावरून ओघळणारं पाणी तिथेच ठिबकून जातं.

आत पत्रा आहे म्हणून अर्थिंगची वायर वाचवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. अमेरिकेच्या एनईसी या वीजकामाच्या नियमावलीत धातूच्या लिक्विड-टाइटला 6 फुटांपर्यंत काही अटींवर तशी सवलत आहे, पण कंप पावणाऱ्या यंत्रासाठी पाइप लवचीक राहायला हवा असेल, तर तिथेही वेगळी अर्थ वायर लागतेच. कॉम्प्रेसर थरथरतो म्हणूनच तर आपण फ्लेक्झिबल लावतो.

लांबीही तेवढ्याचपुरती ठेवा. आयसोलेटरपासून युनिटपर्यंत मीटरभर पुरे, बाकी गच्चीभर कडक पाइप न्यावा. सापासारखे पसरलेले वीस-वीस फूट फ्लेक्झिबल बघितले की मला ते काम तपासायचीही इच्छा होत नाही.

रंग काळा की राखाडी, यावर मात्र वाद घालू नका. उन्हात टिकणारं प्लास्टिक आहे का, एवढं विचारा.