शैक्षणिक तंत्रज्ञान : विद्यापीठीय अध्यापकांसाठी साधने व साहाय्य

विद्यापीठांत आणि त्यांच्याशी संलग्न महाविद्यालयांत शिकवणाऱ्या अध्यापकांना अध्यापन, मूल्यमापन व संशोधन यांसाठी मिळणारी दृक्‌श्राव्य आणि संगणकीय साधने, तयार अभ्याससाहित्य, प्रशिक्षण, तसेच ही साधने वापरताना अडले तर मिळणारी प्रत्यक्ष मदत या सर्वांचा समावेश या विषयात होतो. साधने विकत घेता येतात, साहित्य एका ठिकाणी तयार करून देशभर पोहोचवता येते आणि प्रशिक्षणही ठरावीक दिवसांत उरकता येते; प्रत्यक्ष मदत मात्र अध्यापकाच्या जवळ, त्याच्याच महाविद्यालयाच्या आवारात असावी लागते. भारतात पहिल्या तीन बाबतींत गेल्या चार दशकांत मोठे काम झाले असून चौथी बाजू तुलनेने दुबळी राहिली आहे. ज्या थोड्या योजनांनी ती बाजू सांभाळली, त्यांचा उपयोग वर्गापर्यंत पोहोचलेला दिसतो.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९६२ मध्ये अध्यापन व अध्ययन यांविषयीच्या संशोधनासाठी आणि आपल्या अध्यापकांना त्याबाबत मदत करण्यासाठी स्वतंत्र केंद्र काढले. त्या देशातील अशा प्रकारचे ते पहिले केंद्र मानले जाते. ब्रिटनमध्ये १९६९ साली स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाने अभ्यासक्रमाची रचना एकट्या अध्यापकावर न सोपवता विषयतज्ज्ञ, संपादक व प्रसारण-निर्माते यांच्या गटाकडे देण्याची पद्धत रूढ केली. भारतातील परिस्थिती वेगळी होती. एकेका विद्यापीठाला शेकडो महाविद्यालये संलग्न, त्यांतली बरीचशी तालुक्याच्या गावी, आणि बहुतेकांकडे ग्रंथालय व प्रयोगशाळा यांपलीकडे फारशी साधने नाहीत. अशा स्थितीत साहित्याची निर्मिती राष्ट्रीय पातळीवर करावी आणि ते उपग्रहाद्वारे, पुढे इंटरनेटद्वारे सर्वत्र पोहोचवावे, हा मार्ग स्वीकारला गेला.

या मार्गाची पूर्वतयारी १९७५–७६ मधील ‘साइट’ या उपग्रह-दूरचित्रवाणी प्रयोगाने झाली. सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत झालेला हा प्रयोग शालेय शिक्षण आणि ग्रामविकास यांसाठी होता. पण उपग्रहाने शिकवता येते हा विश्वास त्यातून मिळाला. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेल्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा उच्च शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी निवडक विद्यापीठांत दृक्‌श्राव्य निर्मितीची केंद्रे उभारण्यात आली. पुणे विद्यापीठातील शैक्षणिक माध्यम संशोधन केंद्र हे त्यांपैकीच एक होय. या केंद्रांच्या कामात सुसूत्रता आणण्यासाठी १९९३ मध्ये शैक्षणिक संज्ञापन संघ ही आंतरविद्यापीठीय संस्था स्थापन झाली.

माध्यम केंद्रांचे सर्वांत टिकाऊ योगदान प्रक्षेपित झालेल्या कार्यक्रमांपेक्षा ते कार्यक्रम ज्या रीतीने घडले त्यात आहे. वर्गात पन्नास मिनिटे सहज बोलणाऱ्या अध्यापकाला तोच विषय वीस मिनिटांच्या संहितेत बसवावा लागे. कोणते वाक्य दृश्याने सांगायचे आणि कोणते शब्दांनी, हे निर्मात्याबरोबर बसून ठरवावे लागे. अशा अध्यापकांच्या शिकवण्यावर या कामाचा परिणाम होई. त्यांची संख्या मात्र थोडी राहिली. बाकीच्यांच्या वाट्याला प्रेक्षकाची भूमिका आली, आणि तीही पुरती निभावता येत नसे, कारण प्रक्षेपणाची वेळ व महाविद्यालयाचे वेळापत्रक यांचा मेळ बसत नसे. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी सोडलेल्या ‘एज्युसॅट’ उपग्रहामुळे दूरच्या वर्गातून उलट प्रश्न विचारण्याची सोय झाली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयंप्रभा’ या शैक्षणिक दूरचित्रवाणी-उपक्रमाच्या ३२ वाहिन्यांवर रोज किमान चार तासांचे नवे कार्यक्रम देऊन तेच दिवसभरात आणखी पाच वेळा दाखवण्याची व्यवस्था ठरली. वेळापत्रकाची जुनी अडचण त्यात ध्यानात घेतलेली आहे.

अध्यापकांच्या प्रशिक्षणाची संस्थात्मक व्यवस्था १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आकाराला आली. १९८७ पासून विद्यापीठांत अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली. महाराष्ट्रात पुणे, मुंबई, नागपूर व औरंगाबाद येथे ती चालत. २०१५ मध्ये त्यांचे नाव मनुष्यबळ विकास केंद्र झाले आणि २०२३ पासून ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणून ओळखली जातात. नव्या अध्यापकांसाठी उद्बोधन वर्ग आणि अनुभवी अध्यापकांसाठी विषयवार उजळणी वर्ग ही त्यांची दोन प्रमुख कामे आहेत. हे वर्ग ‘कॅस’ म्हणजे अध्यापकांच्या बढतीच्या योजनेअंतर्गत होणाऱ्या स्थाननिश्चितीशी जोडलेले असल्याने उपस्थितीची चिंता कधी पडली नाही. एरवी शैक्षणिक तंत्रज्ञानाकडे वळले नसते असे हजारो अध्यापक या जोडणीमुळे संगणकासमोर बसले, हे तिचे श्रेय मान्य करायला हवे. त्याच जोडणीमुळे प्रमाणपत्र हाती पडताच शिकलेले मागे पडण्याचा धोकाही निर्माण झाला. वर्गात शिकलेली गोष्ट महिन्याभराने महाविद्यालयात करताना अडले, तर प्रशिक्षण केंद्राकडून पाठपुराव्याची ठरलेली सोय नसे. २०१८ मध्ये ‘अर्पित’ या नावाने उजळणी वर्गच ऑनलाइन झाले. चाळीस तासांचा अभ्यासक्रम, त्यातला निम्मा भाग चित्रफितींचा, आणि शेवटी पर्यवेक्षित परीक्षा, असे त्यांचे स्वरूप होते. ऑनलाइन शिकणाऱ्याचा अनुभव अध्यापकाला स्वतः घ्यावा लागला, हा त्यातील मोठा लाभ होय.

ग्रंथालयांच्या बाजूने झालेले काम अधिक शांतपणे आणि अधिक खोलवर पोहोचले. विद्यापीठांची ग्रंथालये संगणकजाळ्याने जोडणाऱ्या ‘इन्फ्लिबनेट’ची सुरुवात १९९१ मध्ये पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र-संशोधन संस्थेच्या अंतर्गत एक प्रकल्प म्हणून झाली. १९९६ मध्ये ती स्वतंत्र आंतरविद्यापीठीय संस्था बनली. तिचे मुख्यालय आता गांधीनगरला आहे. देशभरातील पीएच.डी. प्रबंधांचे भांडार असलेले ‘शोधगंगा’ आणि वाङ्मयचौर्य तपासण्याची सोय देणारी ‘शोधशुद्धी’ ही तिची कामे संशोधन करणाऱ्या प्रत्येक अध्यापकाला ठाऊक असतात. संलग्न महाविद्यालयांच्या दृष्टीने मात्र ‘एन-लिस्ट’ ही योजना सर्वांत मोलाची आहे. अल्प वार्षिक शुल्क भरून महाविद्यालय सभासद झाले, की तेथील अध्यापकांना व विद्यार्थ्यांना हजारो नियतकालिके आणि लाखो ई-पुस्तके खुली होतात. ही खाती ग्रंथपाल उघडून देतात. संकेतशब्द विसरला, लेख उतरत नाही, घरून प्रवेश मिळत नाही, अशा तक्रारीही त्यांच्याच मेजावर येतात. त्यामुळे अनेक महाविद्यालयांत तंत्रज्ञान-साहाय्य देणारी व्यक्ती म्हणजे प्रत्यक्षात ग्रंथपालच होय, जरी त्यांच्या कामाच्या व्याख्येत ही जबाबदारी अशा शब्दांत लिहिलेली नसली तरी.

२००९ मध्ये सुरू झालेल्या माहिती व संज्ञापन तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय मिशनने या क्षेत्राला मोठा निधी दिला. त्याआधी २००३ पासून सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ‘एनपीटेल’ची व्याख्याने तयार करायला घेतली होती, ती अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांइतकीच तरुण अध्यापकांनीही पाहिली, कारण नवा विषय प्रथमच शिकवायला आलेल्या अध्यापकाला आधी स्वतःची तयारी करण्यासाठी त्यांचा उपयोग होई. मिशनच्या काळात आभासी प्रयोगशाळांचा प्रकल्प उभा राहिला. त्यात आयआयटींच्या बरोबरीने पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणजे ‘सीओईपी’ही सहभागी झाले.

प्रत्यक्ष मदतीचा प्रश्न नेमका ओळखून आखलेल्या दोन योजना आयआयटी मुंबईतून आल्या. पहिली डॉ. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने चाललेली अध्यापक-कार्यशाळांची मालिका, जी पुढे ‘दहा हजार अध्यापकांचे प्रशिक्षण’ अशा आशयाच्या नावाने ओळखली गेली. तिची रचना मुद्दाम सांगण्याजोगी आहे. देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालये दूरस्थ केंद्रे म्हणून जोडली जात. प्रत्येक केंद्राचा समन्वयक आधी पवईला, म्हणजे आयआयटी मुंबईत, येऊन तोच विषय शिकून जाई. मुख्य कार्यशाळेच्या वेळी पवईतील व्याख्यान सर्व केंद्रांवर एकाच वेळी थेट दिसे. प्रात्यक्षिकाचा तास मात्र ज्या त्या केंद्रावरच्या प्रयोगशाळेत समन्वयकाच्या देखरेखीखाली होई. म्हणजे समोरच्या संगणकावर आज्ञावली चालेनाशी झाली, तर हात वर करून ज्याला बोलावता येईल असा माणूस त्याच खोलीत हजर असे. कार्यशाळा संपल्यावरही तो त्याच शहरात राही, आणि शेजारच्या महाविद्यालयांतील अध्यापकांची त्याच्याशी ओळख झालेली असे.

दुसरी योजना डॉ. कण्णन मौदगल्य यांच्या नेतृत्वाखालील ‘स्पोकन ट्युटोरियल’. साधारण दहा मिनिटांच्या या ध्वनिचित्रपाठांत लिब्रेऑफिस, लाटेक, सायलॅब यांसारख्या मुक्त संगणकप्रणाली शिकवल्या जातात. पडद्याच्या अर्ध्या भागात पाठ लावायचा, तो थोडा ऐकून थांबवायचा आणि उरलेल्या अर्ध्यात तीच कृती स्वतः करून पाहायची, अशी तिची रीत आहे. पाठातील निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध असते, तर पडद्यावरील प्रणाली इंग्रजीतच राहते. कामाच्या ठिकाणी अध्यापकाला प्रणालीची इंग्रजी आवृत्तीच वापरायची असल्याने ही विभागणी योग्य ठरली. ग्रामीण भागातील, इंग्रजी निवेदनाच्या वेगाने दबून जाणाऱ्या अध्यापकालाही या पाठांमुळे कोणाच्या मदतीवाचून शिकता आले.

९ जुलै २०१७ रोजी, गुरुपौर्णिमेच्या दिवशी, ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या ‘स्वयम्’ या राष्ट्रीय मंचाचे उद्घाटन झाले आणि अध्यापकाच्या भूमिकेत महत्त्वाचा बदल घडला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी एखाद्या अभ्यासक्रमाची २० टक्क्यांपर्यंतची श्रेयांके ‘स्वयम्’वरून मिळवण्याची मुभा दिली होती, २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली. ‘स्वयम्’वरील प्रत्येक अभ्यासक्रम ‘फोर क्वाड्रंट’ पद्धतीने रचावा लागतो : चित्रफिती, वाचनसाहित्य, चर्चामंच आणि मूल्यमापन हे त्याचे चार भाग होत. अध्यापकांची नेमणूक व बढती यांविषयीच्या आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत या कामाला गुणही ठरवून दिलेले आहेत. चार श्रेयांकांचा संपूर्ण अभ्यासक्रम विकसित केल्यास २०, एका घटकासाठी ५ आणि अभ्यासक्रम-समन्वयकाला ८ असे ते गुण आहेत. डिजिटल साहित्य तयार करणे हे विद्वत्तेचे काम म्हणून मोजले जाऊ लागले, ही या नियमावलीची जमेची बाजू. गुणांचा भर मात्र निर्मितीवर आहे. दुसऱ्याने केलेले उत्तम साहित्य निवडून, आपल्या विद्यार्थ्यांच्या तयारीनुसार त्याची मांडणी बदलून जो अध्यापक शिकवतो, त्याच्या श्रमांची दखल या कोष्टकात फारशी लागत नाही, आणि बहुसंख्य अध्यापकांना नेमके हेच काम करायचे असते.

चारही भाग भरले म्हणजे चांगला अभ्यासक्रम होतो असे नाही, हे आयआयटी मुंबईच्या शैक्षणिक तंत्रज्ञान विभागाने दाखवून दिले. तेथील साहना मूर्ती व श्रीधर अय्यर यांनी मांडलेल्या अध्ययनार्थी-केंद्री प्रारूपात चित्रफीत मध्येच थांबून विद्यार्थ्याला विचार करायला लावते. तिच्यामागोमाग लगेच सरावाची कृती येते, मग निरनिराळ्या तयारीच्या विद्यार्थ्यांसाठी पुढील वाचनाच्या वेगवेगळ्या वाटा आणि आपसांतील चर्चेला नेमके विषय. या प्रारूपावर आधारलेले अध्यापक-प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम ‘आयआयटीबॉम्बेएक्स’ या मंचावर घेण्यात आले. ‘एनपीटेल’नेही महाविद्यालयांत स्थानिक शाखा उघडून प्रत्येक ठिकाणी एका अध्यापकाकडे संपर्काची जबाबदारी दिली.

मार्च २०२० मधील टाळेबंदीने या सर्व व्यवस्थांची एकाच वेळी कसोटी घेतली. राष्ट्रीय मंचांवर साहित्य विपुल होते. अध्यापकांना त्या आठवड्यात हवी होती ती उद्याचा तास घेण्याची सोय. ती झूम, गूगल मीट, गूगल क्लासरूम आणि व्हॉट्सअ‍ॅपचे गट यांनी पुरवली, आणि ही साधने वापरायला शिकवले ते बहुतेक ठिकाणी विभागातील तरुण सहकाऱ्यांनी. मराठी माध्यमात शिकवणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण उभी राहिली. वर्षानुवर्षांची टिपणे व प्रश्नसंच श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व टंकांत असत. ते गूगल फॉर्ममध्ये चिकटवताच वाचता न येणारी अक्षरे उमटत. परिवर्तक वापरला तरी जोडाक्षरे आणि रफार तपासत बसावे लागे. अनेकांनी सारे पुन्हा टंकित केले. मराठी अध्यापकांसाठीच्या साहाय्यात युनिकोड टंकलेखन आणि जुन्या मजकुराचे रूपांतर यांना पहिले स्थान असायला हवे, हे त्या काळात स्पष्ट झाले.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठात माहिती तंत्रज्ञान मंडळ असते. उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात अध्यापनातील तंत्रज्ञानाच्या वापराची माहिती महाविद्यालयांना द्यावी लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने राष्ट्रीय शैक्षणिक तंत्रज्ञान मंचाची कल्पना मांडली. धोरणाच्या पातळीवर या विषयाला मान्यता मिळालेली आहे. संलग्न महाविद्यालयांत मात्र अध्यापनाच्या आरेखनात मदत करणारे स्वतंत्र पद सहसा नसते. हे काम संगणकशास्त्र विभागातील एखादा अध्यापक, ग्रंथपाल किंवा प्रयोगशाळा साहाय्यक आपले नेमून दिलेले काम सांभाळून करतो. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित लेखनसाधने विद्यार्थ्यांच्या हाती आल्यापासून या मंडळींकडे येणारे प्रश्न बदलले आहेत. निबंध, प्रकल्प आणि घरी सोडवायच्या चाचण्या यांचे मूल्यमापन आता कसे करावे, हे अध्यापक विचारतात. हा प्रश्न यंत्राच्या वापरापेक्षा विषयाच्या अध्यापनाशी अधिक संबंधित असल्यामुळे त्याचे उत्तर देणाऱ्याला तंत्राबरोबर त्या विषयाचे शिकवणेही ठाऊक असावे लागते. एका विद्यापीठाच्या अनेक महाविद्यालयांना मिळून असे दोन-तीन अनुभवी अध्यापक कामाच्या तासांत सवलत देऊन नेमले, तर दूरस्थ केंद्रांच्या समन्वयकांनी जे काम काही आठवडे केले ते वर्षभर चालू शकेल. त्यासाठी नवी इमारत किंवा नवा मंच लागत नाही.