बडाखाना व मेसजीवन (बेळगाव परिसर)

बडाखाना : पलटणीतील अधिकारी, जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे अधिकारी व जवान यांच्या मधल्या हुद्द्याचे) आणि जवान या सर्वांनी एका वेळी, एका मैदानावर घेतलेले समारंभाचे जेवण. एरवी भारतीय लष्करात या तिघांची चूल वेगळी असते. अधिकारी ऑफिसर्स मेसमध्ये, सुभेदार व नायब सुभेदार जेसीओ मेसमध्ये आणि जवान लंगरात, म्हणजे पलटणीच्या सामाईक स्वयंपाकघरात, जेवतात. बडाखान्याच्या रात्री ही वाटणी तेवढ्यापुरती मिटते. बेळगाव (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी), खानापूर, निपाणी, चिकोडी आणि सीमेपलीकडचे चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात सैन्यात जाणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. येथील निवृत्त सैनिक बोलायला लागला की लढाईइतकीच जागा या जेवणाला आणि मेसमधल्या उठबशीला देतो. पलटणींच्या छापील इतिहासांत मात्र मेसचे वर्णन बहुधा ऑफिसर्स मेसमधल्या चांदीच्या भांड्यांपाशी थांबते. त्यामुळे या नोंदीत लंगर व जेसीओ मेस यांना मुद्दाम अधिक जागा दिली आहे.

छावणी : बेळगावचा किल्ला एप्रिल १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा सेनानी टॉमस मन्रो याच्या फौजेने घेतला. त्यानंतर किल्ल्याबाहेर छावणी वसत गेली. गावात तिला आजही कॅम्प म्हणतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंची, सौम्य उन्हाळा आणि गोव्याकडे उतरणारे घाटरस्ते ही या जागेच्या निवडीची ढोबळ कारणे दिसतात. १९२२ च्या पुनर्रचनेत जुन्या मराठा पलटणी ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ या एका रेजिमेंटमध्ये आल्या. ११४ क्रमांकाची पलटण तिची दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची बटालियन झाली आणि तिचे ठाणे बेळगावला आले. आजचे मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटर हीच तिची पुढची परंपरा. येथून रंगरूट बाहेर पडतो आणि नोकरीत केव्हा ना केव्हा परत येतो. देशभर विखुरलेल्या मराठा पलटणींचे माहेर म्हणून या सेंटरचा उल्लेख होतो तो याच अर्थाने.

ऑफिसर्स मेस : इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अधिकारी खानावळींतून वा भाड्याच्या खोल्यांतून जेवत. बराकी बांधल्या जाऊ लागल्या तशी मेस ही कायमची संस्था बनली आणि कंपनीच्या फौजांबरोबर ती हिंदुस्थानातील छावण्यांत रुजली. बेळगावच्या कॅम्पात तिला लाभलेले रूप म्हणजे कौलारू बंगला, रुंद पडवी, भोवती मोठी झाडे आणि पावसाळ्यात चार महिने न वाळणारी हिरवळ. लग्न न झालेल्या अधिकाऱ्याचे ते घरच असे.

मेस नाइटचा, म्हणजे मेसमधल्या औपचारिक जेवणाच्या रात्रीचा, क्रम ठरलेला असतो आणि तो थोडा बारकाईने पाहण्यासारखा आहे. टेबलाच्या एका टोकाला अध्यक्ष बसतो. दुसऱ्या टोकाला ‘मिस्टर व्हाइस’ म्हणून सहसा सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्याला बसवतात. साफा बांधलेले आणि कमरपट्ट्यावर पलटणीचे चिन्ह लावलेले वेटर प्रत्येक खुर्चीमागे उभे राहतात. ज्येष्ठाने काटा-चमचा खाली ठेवला की बाकीचेही थांबतात. जेवण उरकल्यावर टेबल मोकळे होते आणि मद्याची सुरई डाव्या हाताकडे फिरू लागते. मग अध्यक्ष पुकारतो, मिस्टर व्हाइस उठून राष्ट्रपतींच्या नावाने पेला उंचावतो, बँडवर राष्ट्रगीत वाजते. न पिणाऱ्याने पाण्याचा पेला उचलला तरी चालते. स्वातंत्र्यापूर्वी या ठिकाणी राजाचे नाव घेतले जाई. क्रम तसाच राहिला, नाव बदलले. प्रमुख पाहुणा उठेपर्यंत कोणी जागा सोडत नाही. नव्या सेकंड लेफ्टनंटांना हा नियम फार जड जाई, आणि म्हातारपणी तेच अधिकारी या प्रसंगांच्या गोष्टी सर्वांत रंगवून सांगतात.

भारतीयांना राजाचे कमिशन, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बरोबरीचा हुद्दा, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मिळू लागले. १९२३ मध्ये ज्या आठ तुकड्यांत टप्प्याटप्प्याने सर्व अधिकारी भारतीय नेमण्याचे ठरले, त्यांत मराठ्यांची ‘रॉयल’ पाचवी बटालियन होती. मराठी सैनिकांच्या दृष्टीने ही घटना मोठी आहे. ज्या टेबलावर आजवर फक्त गोरे अधिकारी बसत, तेथे देशी तरुण बरोबरीने बसू लागला. मात्र आठ तुकड्यांच्या त्या योजनेमागे भारतीय अधिकाऱ्याच्या हाताखाली गोऱ्याने काम करण्याची वेळ येऊ नये हाही हेतू होता, हे नजरेआड करता येत नाही.

लंगर आणि बडाखान्याचा उगम : बडाखान्याच्या उगमाविषयी दोन मते मांडली जातात. पहिल्या मताप्रमाणे ही ब्रिटिश सैन्यातील नाताळच्या जेवणाची नक्कल आहे. त्या दिवशी अधिकारी व सार्जंट स्वतः शिपायांना वाढत, आणि तोच प्रघात देशी पलटणींत दसरा-दिवाळीला लागू झाला. दुसरे मत त्याचे मूळ देशी मानते. दसऱ्याला शस्त्रपूजा, बळी आणि त्यानंतरची पंगत ही मराठा फौजांची चाल कंपनीच्या शिपायांनी सोडली नव्हती. गोरे अधिकारी तेथे पाहुणे म्हणून येत. पहिल्या मताच्या बाजूने एक पुरावा असा देतात, की अँग्लो-इंडियन शब्दांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात ‘बडाखाना’ ही युरोपियनांची थाटाची मेजवानी म्हणून नोंदली आहे. पण त्या नोंदीतून शिपायांच्या पंगतीविषयी काहीच निष्पन्न होत नाही.

या वादात रसदीच्या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. एकोणिसाव्या शतकात देशी शिपायाला शांततेच्या काळात सरकारी शिधा मिळत नसे. तो पगारातून पलटणीच्या बाजारात धान्य, डाळ, सरपण विकत घेई. महागाई वाढली तर त्यापोटी भत्ता मिळे. स्वयंपाक एकट्याने किंवा चार-सहा जणांच्या टोळीने, आपापल्या जातीच्या रिवाजाप्रमाणे होई. मुंबई सैन्यात जातवार कंपन्यांची पद्धत उशिरा, शतकाच्या अखेरीस आली, आणि बंगाल सैन्याच्या मानाने येथे सोवळ्याओवळ्याचा जाच कमी होता. तरीही साऱ्या पलटणीची एक चूल नव्हती. मोफत शिधा पहिल्या महायुद्धात, १९१७ च्या सुमारास सुरू झाला. शिधा एकत्र येऊ लागला, म्हणून कोठार एक झाले. कोठार एक झाल्यावर लंगर आला. सणाची पंगत त्यापूर्वीही असेल, पण पलटणीच्या खर्चाने, एका भांड्यातून, सर्व हुद्द्यांसाठी नियमाने होणारा बडाखाना लंगराच्या आधीचा मानणे अवघड आहे. वाढण्याची रीत नाताळच्या जेवणातून आणि निमित्त दसऱ्यातून आले असावे, आणि दोन्ही एकत्र बसले ते दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

मराठा पलटणींच्या बाबतीत याला कूतच्या वेढ्याची पार्श्वभूमी आहे. मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा येथे ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात अडकलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आल्यावर घोडे कापले गेले. देशी शिपायांनी ते मांस नाकारले. हिंदुस्थानातील धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप मागवले गेले, तरी बऱ्याच जणांनी ते अगदी अखेरीस तोंडात घातले. तोपर्यंत अनेकांच्या अंगात उभे राहण्याचे त्राण उरले नव्हते. ११७ क्रमांकाच्या पलटणीला पुढे मिळालेली ‘रॉयल’ ही पदवी कूतशी जोडलेली आहे. ज्या रेजिमेंटने उपासमार अशी पाहिली, तिच्यात सर्वांनी मिळून पोटभर जेवण्याच्या रात्रीला मान असावा हे समजण्यासारखे आहे.

एका पंगतीचा दुसरा संदर्भही बेळगावचाच आहे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद केली. १९१७ मध्ये उभारलेली महार पलटण युद्धानंतर मोडली. दुसऱ्या महायुद्धात महार रेजिमेंटची पहिली बटालियन १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे उभी राहिली. गावच्या पाणवठ्यावर ज्यांना मज्जाव होता, त्यांच्या मुलांना याच कॅम्पात गणवेश, हुद्दा आणि मानाचे ताट मिळाले. बेळगावच्या मेसजीवनाच्या इतिहासात ही गोष्ट चांदीच्या कोणत्याही भांड्याहून मोलाची आहे.

बडाखान्याचे स्वरूप : निमित्ते अनेक असतात. पलटणीचा स्थापनादिन, दसरा, मोठ्या अधिकाऱ्याची भेट, कमांडिंग ऑफिसरचा निरोप, आणि मराठा लाइट इन्फंट्रीत ४ फेब्रुवारीचा मराठा दिवस. १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा घेतला त्याची ही आठवण. सकाळी मंदिर परेड होते, दुपारी खेळांचे सामने, आणि दिवेलागणीला मैदानावर शामियाना भरतो. सुभेदार मेजर यजमान असतो. कमांडिंग ऑफिसरला तो पुढे होऊन आणतो. वेट कँटीनच्या (मद्य देणाऱ्या कँटीनच्या) टेबलावर रमचे पेग मोजून दिले जातात. झांज, लेझीम, पोवाडा होतो आणि एखादा लंगरी (लंगरातला स्वयंपाकी) कमांडिंग ऑफिसरची हुबेहूब नक्कल करून दाखवतो. त्या रात्री त्याला ती मुभा असते.

जेवणात मटणाचा रस्सा, पुऱ्या, पुलाव, डाळ, कोशिंबीर आणि शिरा किंवा खीर असा बेत साधारण ठरलेला. शाकाहाऱ्यांची भांडी वेगळी मांडतात. पहिले वाढप अधिकारी करतात. पळी हातात घेतलेला कंपनी कमांडर ताटासमोर आलेल्या जवानाला नावाने हाक मारून ‘घे रे, अजून घे’ म्हणतो आणि तो ‘बस साहेब, बस’ म्हणत ताट मागे घेतो. मोठ्या कढईतला रस्सा खालून ढवळून वाढायचा, नुसती वरची तर्री द्यायची नाही, हे लंगराचा हवालदार त्या साहेबाला कानात सांगतो. मराठा पलटणीत आज्ञा हिंदीत असल्या तरी लंगरात, रांगेत आणि या वाढपात मराठी चालते. कर्नाटकातले कन्नड बोलणारे जवानही ती उचलतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर बेळगावात भाषेवरून जो ताण राहिला, त्याची झळ या पंगतीला लागू न देण्याची काळजी पलटणींनी घेतली, याची नोंद आदराने करावी लागते.

जेसीओ मेस : स्वातंत्र्यानंतर व्हाइसरॉयचे कमिशन असलेले सुभेदार-जमादार ‘जेसीओ’ झाले; जमादाराचा नायब सुभेदार झाला. वीस-पंचवीस वर्षांची नोकरी करून आलेल्यांची ही मेस असल्याने येथली बैठक गंभीर. तरुण अधिकाऱ्यांना वर्षातून काही वेळा येथे बोलावतात आणि त्या रात्री सुभेदारसाहेब त्यांना प्रेमाने, पण ठामपणे पलटणीच्या रीती शिकवतात. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या मोहिमेसाठी बेळगाव हे जमवाजमवीचे मुख्य ठाणे होते. तेव्हा बाहेरून आलेल्या तुकड्यांनी कॅम्प भरून गेला होता.

निरोपाची रीत दोन्ही मेसमध्ये सारखी : मानचिन्ह, दोन शब्द आणि जेवण. कमांडिंग ऑफिसर निघतो तेव्हा त्याच्या जीपला दोर बांधून अधिकारी आणि जवान ती फाटकापर्यंत ओढत नेतात. गाडी ओढताना कडक शिस्तीच्या साहेबांचेही डोळे भरून येतात, असे सांगणारे जेसीओ या भागात गावोगाव भेटतात.

मेसभोवतीची माणसे : मेस उभी राहते ती खानसामे, मसालची, वेटर, धोबी आणि बँडवाले यांच्यावर. बेळगावच्या कॅम्पात गोव्याहून आलेल्या कुटुंबांची जुनी वस्ती आहे. छावणीतील स्वयंपाकघरे आणि वाद्यवृंद यांत गोवेकरांचा हात कसलेला मानला जाई. कॅम्पातल्या बेकऱ्या, शिंपी आणि चामड्याचे कारागीर मेसच्या गिऱ्हाइकीवर वाढले. बदली होऊन जाणाऱ्याच्या सामानात बेळगावच्या कुंद्याचा, म्हणजे खव्याच्या मिठाईचा, डबा असतोच.

कुटुंबीयांसाठी लेडीज नाइट, तंबोला, मैदानावरचा सिनेमा आणि फॅमिली वेल्फेअरचे मेळावे असत. खेड्यातून प्रथमच क्वार्टरमध्ये आलेल्या सुनांना पंजाबी, गढवाली शेजारणी येथेच मिळाल्या.

गावातील पडसाद : सीमाभागातील सैनिकांच्या घरी बाहेरच्या खोलीत एक शोकेस असते. तिच्यात पलटणीचे चिन्ह कोरलेली ढाल, मेसच्या निरोपाचा ग्रुप फोटो आणि एखादा नाव घातलेला मग. चिकोडीजवळ, शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी तर या परंपरेमुळेच त्या नावाने ओळखली जाते. अलीकडे निवृत्त होऊन येणाऱ्या जवानाची उघड्या जीपमधून वाजतगाजत मिरवणूक काढतात आणि सायंकाळी गावजेवण घालतात. माजी सैनिकांच्या मेळाव्यांत जेवण वाढायला सर्वांत वरच्या हुद्द्याचा पेन्शनर प्रथम उभा राहतो. ही शिकवण बडाखान्याचीच आहे.

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार बेळगावच्या सेंटरमध्ये अग्निवीर घडू लागले. त्यांची नोकरी चार वर्षांची आहे आणि त्यांतील चौथ्या हिश्शापर्यंतच पुढे कायम होतात. त्यामुळे बहुतेकांना जेसीओ मेसचा उंबरा ओलांडता येणार नाही. त्यांच्या वाट्याला लंगर आणि बडाखाना एवढेच मेसजीवन येईल. कसम परेडला (शपथविधीच्या संचलनाला) त्यांचे आईवडील खानापूर, चंदगड, सातारा, रत्नागिरीहून येतात आणि परेड संपल्यावर मुलाबरोबर सेंटरमध्ये फिरून लंगर, बराक व मैदान पाहतात.